मदत हवी आहे: मॉरिशसचे किनारे, एक दिवस, खाजगी गाडी आणि गाइड. आराखडा कसा असावा?

ठाणेकरीण

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मॉरिशसला जातोय. मुक्काम पश्चिमेला, फ्लिक आं फ्लाकला. माणसं सहा: आम्ही दोघं, सासू-सासरे (सासूबाईंचे गुडघे दुखतात, जास्त पायऱ्या नकोत), १५ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी. बाकीचे दिवस हॉटेलवर आराम. एकच दिवस गाडी आणि गाइड घेऊन किनारे बघायचे आहेत.

एजंटने पाठवलेला आराखडा असा: सकाळी ८ ला निघून ग्रां बे, काप मालरू, बेल मार, ब्लू बे, ग्री ग्री, ल मॉर्न, शामारेल, आणि ६ वाजता परत. हे जमण्यासारखं आहे का? नसेल तर काय गाळावं? शिवाय ड्रायव्हरशी आधी काय काय बोलून घ्यावं, आणि लहान मुलीला नेमकं कुठे पाण्यात उतरवावं? मुलाला रील्समधला तो 'पाण्याखालचा धबधबा' बघायचा आहे, तो कुठून दिसतो?

दर्यावर्दी

नाही जमणार. बेट छोटं म्हणून सगळे हा आराखडा विकतात. पूर्ण फेरा दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतो. किनाऱ्याचे रस्ते अरुंद, गावागावातून जाणारे, त्यामुळे ताशी सरासरी ४० धरली तरी पाच तास गाडीतच गेले. त्यातून ग्रां बेला जायचं तर पोर्ट लुई ओलांडावं लागतं, आणि सकाळी ९ पर्यंत व दुपारी साडेतीननंतर तिथे गाड्यांची रांग लागते. जेवण आणि या रांगा वजा केल्या तर सात ठिकाणी प्रत्येकी अर्धा तासही मिळणार नाही, पाण्यात कोणीच उतरणार नाही.

तुमचा मुक्काम पश्चिमेला आहे, तेव्हा फक्त दक्षिण आणि पश्चिम धरा. उत्तर आणि पूर्व सरळ सोडा. पूर्वेला जायचंच असेल तर त्रू दो दूस गावाहून बोटीने इल ओ सर्फ या छोट्या बेटावर, पण तो स्वतंत्र दिवस आहे.

आता क्रम. बहुतेक ड्रायव्हर आधी ल मॉर्नला नेतात, कारण ते जवळ आहे. तुम्ही उलटं करा. सकाळी डोंगरातून आतल्या रस्त्याने गंगा तलाव (तिथलं हिंदू तीर्थक्षेत्र), तिथून खाली दक्षिणेचं सुयाक गाव आणि त्याचा ग्री ग्री किनारा, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेकडे परत. कारणं दोन. ल मॉर्नचा ५५६ मीटरचा कडा किनाऱ्याच्या पूर्वेला उभा आहे, म्हणजे सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो आणि फोटोत नुसता काळा ढेकूळ येतो. दुपारनंतर तोच कडा उजळतो. दुसरं म्हणजे सप्टेंबरात आग्नेयेचे वारे अजून चालू असतात. दक्षिण किनारा त्यांच्या तोंडावर आहे आणि दिवस चढतो तसा वारा वाढतो. सकाळी दक्षिण उरकावी आणि दुपारी वाऱ्याच्या आडोशाला पश्चिमेला यावं. पाणीही तोवर थोडं कोमट झालेलं असतं. तिथला हिवाळा नुकता सरत असतो, त्यामुळे सप्टेंबरातलं पाणी आपल्या कोकणापेक्षा बरंच गार लागतं.

वेळा साधारण अशा: ८ ला निघा. ९ ते पावणेदहा गंगा तलाव. साडेदहाला ग्री ग्री, तिथे पाऊण तास. मग रियांबेल, बेल ओम्ब्र, माकोंदे, बे द्यु काप अशी गाडी हळू हळू. एक-दीडला ल मॉर्न, चारपर्यंत तिथेच. साडेपाचपर्यंत फ्लिक आं फ्लाक, सूर्यास्त हॉटेलसमोर. त्या दिवसांत सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो.

चिंगी_की_आई

दर्यावर्दी यांचा क्रम बरोबर आहे, पण शामारेल का गाळलं? सात रंगांची माती मुलांना आवडते, आणि ल मॉर्नहून वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

दर्यावर्दी

@चिंगी_की_आई, शामारेल चांगलंच आहे, पण तो किनारा नाही. धबधबा आणि माती मिळून जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तास जातात, तिकीट वेगळं, आणि वळणांचा घाट. चार वर्षांचं मूल पोटभर खाऊन त्या घाटात गेलं की काय होतं ते सांगायला नको. हे दोन तास नेमके ल मॉर्नच्या पाण्यातून कापले जातात. गंगा तलाव गाळणार असाल तर शामारेल घ्या. दोन्ही घेतले तर दिवस परत एजंटच्या आराखड्यासारखा होईल.

मोरिसवासी

सासू-सासरे बरोबर आहेत तर गंगा तलाव ठेवा. शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती रस्त्यावरूनच दिसते, गाडी तलावाजवळ जाते, चालणं कमी. तिथे प्रवेश फुकट. फक्त जागा साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, खाली कडक ऊन असताना वर धुकं आणि भुरभुर असते. प्रत्येकाला एक पातळ जाकीट घ्या.

आता पाण्याचं, कारण लहान मुलीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचा कठडा आहे. लाटा दूर त्या कठड्यावर फुटतात आणि आत उथळ, शांत खाजण (लगून) राहतं. सुयाकच्या भागात हा कठडा तुटलेला आहे. म्हणून ग्री ग्रीला मोकळा समुद्र थेट काळ्या खडकांवर आदळतो. तिथे पाण्यात उतरायला मनाई आहे, तशी पाटीही आहे. वाळू दिसते आणि लोक पायऱ्या उतरून खाली जातातही, पण मुलीला घेऊन लाटेच्या रेषेजवळ जाऊ नका, परतणारं पाणी जोरात खेचतं. सासूबाईंना खाली उतरायची गरजच नाही. गाड्या लागतात तिथेच वर सपाट हिरवळ आहे, सगळं दृश्य तिथून दिसतं. 'रडणारा खडक' मात्र पुढे दहा मिनिटं चालून आहे आणि जमीन खडबडीत आहे. त्यांना बाकावर बसवून बाकीच्यांनी जावं.

मुलीला उतरवायचं ते ल मॉर्नच्या सार्वजनिक किनाऱ्यावर. सुरूची दाट सावली, पांढरी वाळू, पाणी लांबपर्यंत कंबरेच्या आत. गाडी झाडांपर्यंत जाते. पण त्याच भूशिराच्या दक्षिण टोकाला पतंगवाल्यांचं (काइटसर्फिंग) साम्राज्य आहे. तिथे वाराही भन्नाट असतो आणि दोऱ्याही डोक्यावरून जातात. ड्रायव्हरला 'पब्लिक बीच' असं स्पष्ट सांगा.

अजून एक धोका माहीत नसतो. कठड्यात जिथे खिंड असते तिथून खाजणातलं पाणी ओहोटीला बाहेर ओढलं जातं. लाटांची पांढरी रेघ जिथे तुटलेली दिसते ती खिंड. तिच्या समोर पोहायचं नाही, मुलाला हे खास सांगा. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, इथे अर्ध्या मीटरच्या आसपास. त्यामुळे भरतीचं वेळापत्रक बघून दिवस ठरवायची गरज नाही, पण ओहोटीला फ्लिक आं फ्लाकसारख्या ठिकाणी प्रवाळाचे तुकडे पायाला लागतात.

अर्धवटराव_पुणे

पायावरून आठवलं: सहाही जणांना पाण्यातले बूट हवेतच. रबरी तळवे, बंद पुढचा भाग. साध्या चपला पाण्यात सुटतात. समुद्री साळिंदराचे (अर्चिन) काटे मोडून आत राहतात, आणि दगडमासा तर दगडात दिसतच नाही. तिथले लोक त्याला लाफ म्हणतात. त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात आणि कळ भयंकर असते. उपाय बर्फ नाही, गरम पाणी. साधारण ४५ अंश, म्हणजे चांगल्या पायाला सोसेल इतकं गरम, त्यात पाय बुडवून ठेवायचा आणि तसाच दवाखान्यात न्यायचा. दुखऱ्या पायाला तापमानाचा अंदाज येत नाही, म्हणून पाणी दुसऱ्याने हात घालून तपासायचं. एक थर्मास गरम पाणी गाडीत ठेवा, नाहीतर चहाला उपयोगी पडेलच. रुग्णवाहिकेचा नंबर ११४.

दुसरं, सार्वजनिक किनाऱ्यांवर संडास असतात, पण गोड्या पाण्याचे शॉवर मिळतीलच असं नाही. पाच लिटरचे दोन कॅन गाडीत भरून घ्या. वाळूचे पाय धुतल्याशिवाय ड्रायव्हर गाडीत बसू देणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

ठाणेकरीण

सगळ्यांचे आभार, आराखडा बदलते. गंगा तलाव ठेवते, शामारेल काढलं. ड्रायव्हरशी काय ठरवायचं ते सांगाल का? आणि धबधब्याचं राहिलं.

दर्यावर्दी

धबधबा किनाऱ्यावरून दिसत नाही. मुळात धबधबा नाहीच. ल मॉर्नच्या नैऋत्येला उथळ भागातली वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे सरकतात, त्यांच्या रंगांच्या छटांमुळे पाणी कोसळतंय असा भास होतो, आणि तोही फक्त वरून. हेलिकॉप्टर किंवा समुद्री विमान घेतलं तरच. बोटवाला 'दाखवतो' म्हणाला तर पैसे देऊ नका. मुलाला त्याऐवजी एका सकाळी पश्चिमेच्या तामारें गावाहून बोटीने पाठवा. जुलै ते ऑक्टोबर कुबड देवमासे (हंपबॅक व्हेल) पश्चिम किनाऱ्याजवळ असतात. बोटीला पर्यटन प्राधिकरणाचा परवाना आहे ना, तेवढं बघा.

मोरिसवासी

ड्रायव्हरबद्दल. सहा माणसं म्हणजे साधी टॅक्सी चालणार नाही, तिच्यात चारच बसतात. सहा-सात आसनी गाडी मागा आणि मुलीची सीट आरक्षण करतानाच मागा. सकाळी दारात आल्यावर मागितली तर मिळत नाही. भाडं गाडीचं असतं, डोक्यामागे नाही. लहान गाडीला दिवसाचे साधारण ३,००० मॉरिशस रुपये आणि पुढे, मोठीला जास्त. तिथला रुपया आपल्याहून जड आहे, पावणेदोन ते दोन धरा. हॉटेलच्या काउंटरवरून घेतली तर वर कमिशन चढतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या: किती तास, इंधन धरून की वेगळं, जादा तासाचे किती, आणि ठिकाणांची नावं क्रमाने. आणि हे वाक्य नक्की टाका की दुकानं नकोत. दक्षिणेच्या फेरीत क्युरपीपकडे जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना आणि कपड्यांची दुकानं घुसवायची पद्धत आहे. एकेका ठिकाणी अर्धा तास जातो, ड्रायव्हरला कमिशन मिळतं. त्यांचा राग धरू नका, सरळ नको म्हणा. सुयाकजवळच्या रॉचेस्टर धबधब्याला गेलात तर तिथे स्वतःहून 'गाइड' होणारे भेटतात, शेवटी पैसे मागतात. सासूबाईंसाठी ती वाट तशीही नको.

आगाऊ पूर्ण पैसे देऊ नका, उरलेले संध्याकाळी. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झालं आहे, पण किनाऱ्यावरचा अननसवाला आणि टॅक्सीवाला रोखच घेतो असं धरून चला.

भाषेची चिंता नको. क्रिओल, फ्रेंच सगळे बोलतात, इंग्रजी आणि हिंदी पुष्कळांना येते. पश्चिमेकडच्या गावांत मराठी कुटुंबं आहेत. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेले. रोजचं बोलणं क्रिओल, पण गणपती घरोघरी बसतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि किनाऱ्यांवर विसर्जनाची गर्दी होते. तुमच्या तारखा तिच्या आसपास येत असतील तर फेरी त्या दिवशी ठेवू नका. रविवारही टाळा. सगळं बेट सुरूखाली डबे घेऊन बसलेलं असतं, गाडी लावायला जागा मिळत नाही.

चिंगी_की_आई

जेवणाचं कोणी बोललं नाही! सासू-सासरे शाकाहारी असतील तर सकाळीच वाटेत धोल पुरी बांधून घ्या. चण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, घेवड्याची रस्सेदार भाजी आणि मिरचीची चटणी आत घालून देतात. जोडीने विकतात, एकाला दोन जोड्या पुरतात. गोड नसते, एवढाच पुरणपोळीशी फरक. चांगल्या गाड्यांवर दुपारपर्यंत संपते. मुलीसाठी 'बिना पिमां', म्हणजे तिखट नको, असं आधीच सांगा. ल मॉर्नला पोहोचून हॉटेलात जेवायला बसलात तर दीड तास गेला.

ठाणेकरीण

शेवटचा प्रश्न. ब्लू बे पूर्ण सुटलं का? काचेच्या तळाची बोट सासऱ्यांना आवडली असती. परतीचं विमान संध्याकाळचं आहे.

दर्यावर्दी

मग ब्लू बे परतीच्या दिवशीच करा. विमानतळापासून ते पंधरा मिनिटांवर आहे, आणि फ्लिक आं फ्लाकहून विमानतळाला तासभर गाडी घ्यावीच लागणार आहे. त्याच ड्रायव्हरला सकाळी ८ ला बोलवा, सामान गाडीत, साडेनऊपर्यंत ब्लू बे. तो संरक्षित सागरी भाग आहे, २००८ पासून रामसर स्थळही (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). काचेच्या तळाची बोट तासाभराची असते. पूर्वेकडचा किनारा असल्यामुळे वारा वाढला की पाणी ढवळतं आणि तळ नीट दिसत नाही, म्हणून सकाळचीच घ्या. सासूबाईंसाठी बोटवाल्याला आधी विचारा की चढायला शिडी आहे की गुडघाभर पाण्यातून जावं लागेल.

ओले कपडे वेगळ्या पिशवीत, आणि मुलांच्या खिशातले शंख-प्रवाळ विमानतळावर जाण्याआधी काढून तिथेच ठेवा. बेटाबाहेर न्यायला बंदी आहे.