मदत हवी आहे: घोडी हाताला येत नाही, सोमवारच्या आत धरायची आहे

कोरेगावकर_आर
कालपासून घोडी हाताला लागत नाही. आज सकाळी सव्वा तास मागं फिरलो. दहा पावलांवर येऊ देते, कान पाडते आणि चौखूर उधळून पार दुसऱ्या टोकाला जाते. मी तिथं पोचेपर्यंत परत इकडं. पाण्याच्या टाकीजवळ चिखलात बूट रुतून राहिला, तसाच मोज्यावर पळालो, घोट्यात लचक भरली. बादली दाखवून झाली, हाका मारून झाल्या. सोमवारी मालक येणार, त्याआधी पायाचं काम झालंच पाहिजे. शनिवार-रविवार मी एकटाच असतो. ज्यांनी घोडी सांभाळलीत त्यांनी लवकर सांगा.

बावधन_वाई
पायाचं काम कुणाच्या, तुझ्या की घोडीच्या? नाल मारायचीय का? आणि तू आहेस कुठं? कोरेगावात कुणाकडं मोकळं रान आहे एवढं?

माणदेशी_७
पायबंद घाल. आमच्याकडं मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगरांच्या घोड्या बघ. अख्खा संसार पाठीवर असतो, मुक्कामाला उतरलं की पुढच्या दोन पायांना पायबंद घालून सोडतात. रातभर चरते, सकाळी तिथंच घावते.

पशुवैद्य_कराड
पायबंद घालायला आधी ती धरायला नको का? आणि ज्या घोड्याला सवय नाही त्याला असा बांधून सोडला तर तो उडी मारून पडतो, पाय मोडून घेतो. कृपया असे सल्ले देऊ नका.
कोरेगावकर, पायाला काय झालंय ते नीट लिहा. लंगडते का?

कोरेगावकर_आर
सांगायचं राहिलं. मी आयर्लंडमध्ये आहे, किल्डेअर कौंटीत, शिकायला आलोय. सुट्टीत घोड्यांच्या फार्मवर काम करतो. पुढच्या उजव्या खुरात पू झाला होता. डॉक्टरांनी खूर तासून भोक पाडलं, पू काढला. तीन दिवस तबेल्यात ठेवली, गुरुवारी छोट्या कुरणात सोडली. पट्टी रोज बदलायची आहे, कालची राहिली. लंगडत नाही, उलट माझ्यापेक्षा जोरात पळते.

पशुवैद्य_कराड
पू निघाला की ताण जातो आणि घोडा एकदम बरा दिसतो, त्यावर जाऊ नका. भोकातून माती आत गेली तर पुन्हा भरेल. आणि खुराच्या जखमेत धनुर्वाताची भीती असते, घोड्याला तो फार लवकर होतो. तिची धनुर्वाताची लस कधी झालीय ते फार्मच्या नोंदीत बघून सांगा.

कृष्णाकाठ_औदुंबर
चंदी दाखव की. भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा. आमच्या आजोबांची घोडी बादलीचा आवाज आला की ओढ्यापलीकडून यायची.

कोरेगावकर_आर
बादली दाखवली म्हणून वर लिहिलंय. बाकीची दोन घोडी धावत आली, एकमेकांना लाथा झाडायला लागली, मी मधे सापडलो असतो.

पाचगणी_पठार
म्हणजे कुरणात तीन घोडी आहेत, हे आत्ता कळलं. अशा ठिकाणी बादली घेऊन मधे उभं राहायचंच नाही.
एक विचारतो. गेल्या आठवड्यात तू तिला जेवढ्या वेळा धरलंस, तेवढ्या वेळा काय केलंस?

सांगली_शर्यतवाला
घोड्याचं विचारायचं तर आपल्याकडच्या शर्यतवाल्यांना विचारा. घोडा-बैल जुंपून पळवणारी माणसं आहेत इथं. बैलगाडा शर्यतीवर बंदी होती तेव्हा लोकांनी जनावरं विकली. डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि मे २०२३ ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं, तेव्हा कुठं पुन्हा जनावराला किंमत आली.

बावधन_वाई
दादा, त्याचा इथं काय संबंध? शर्यतीचा वेगळा धागा काढा.

कोरेगावकर_आर
@पठार पोटीस लावायचो. गरम पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून खूर बुडवून ठेवायचा, मग पोटीस, त्यावर लहान बाळाचं डायपर आणि वरून चंदेरी चिकटपट्टी गुंडाळायची. ती सारखा पाय ओढायची. डॉक्टर खूर तासत होते तेव्हा म्होरकी मीच धरली होती.

मिरज_ताई
अरे पण तुझ्या घोट्याचं काय? बर्फ लाव, पाय उंचावर ठेव, आज जास्त चालू नकोस. तुझं स्वतःचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का? तबेल्यात काम करणाऱ्यानं ते घेतलेलं असावंच. घरी सांगितलंस का?

विटेकर_मामा
भाच्याला पण पाठवायचंय तिकडं. शिकणाऱ्यांना आठवड्याला २० तासच काम करता येतं ना? पगार कसा आहे?

कोरेगावकर_आर
मामा, सुट्टीत ४० तास चालतं. बाकीचं नंतर सांगतो, आत्ता घोडी महत्त्वाची आहे. ताई, इंजेक्शन झालंय. घरी सांगितलं नाही, आई रात्रभर झोपणार नाही.

पाचगणी_पठार
मग घोडीचं बरोबरच आहे. तुझा हात लागला की खूर दुखतो, एवढंच ती शिकलीय.
आमच्या वडिलांची टेबललँडवर चार घोडी होती. मे महिन्यात दिवसभर गिऱ्हाईक, त्यामुळं पावसाळ्यात मोकळी सोडली की हाताला यायची नाहीत. वडील रोज सकाळी रिकाम्या हातानं जायचे, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर नखांनी खाजवायचे आणि माघारी यायचे. मला वाटायचं, नुसता वेळ घालवतायत. पाचव्या दिवशी त्यातली सगळ्यात अवघड घोडी त्यांच्या मागं दारापर्यंत आली.
समोरून जाऊ नको. घोड्याला अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, बाकी जवळजवळ सगळीकडचं दिसतं. खांद्याच्या रोखानं, रमत-गमत जा. डोळ्यांत बघू नको. तिनं मान वर केली की थांब, आणि ती निघायच्या आत तूच पाठ फिरवून चार पावलं मागं ये. पहिल्या दोन-तीन खेपांना धरायचंच नाही. म्होरकी खांद्यावर टाक, लपवू नको.

माणदेशी_७
एवढं करत बसायला वेळ कुठं आहे त्याच्याकडं? बाकीची दोन आत घे, ही आपोआप येईल.

पशुवैद्य_कराड
दोन्ही आत घेतली तर ही एकटी पडून कुंपणावर जाईल. एक आत घ्या, एक तिच्याजवळ राहू द्या. बाकी पठार म्हणतात ते मला पटतं. पळापळ जेवढी जास्त, तेवढा त्या खुराला त्रास.

कोरेगावकर_आर
तुमच्याकडं रात्रीचे दोन वाजले असतील. इथं साडेनऊ झालेत, अजून उजेड आहे.
धरली. दीड तास लागला. बाकीच्या दोघांतलं एक आत घेतलं. पहिल्या तीन खेपा नुसता गेलो आणि आलो. चौथ्या वेळी खाजवू दिलं, खालचा ओठ लोंबायला लागला. मी तिथूनही परत फिरलो, खरं तर हात शिवशिवत होते. पाचव्या वेळी तिनंच येऊन बाहीला नाक लावलं. गळ्यात दोर टाकला, म्होरकी नंतर चढवली. आधी पाठीवर खरारा केला, मग पाय उचलला.
डायपर फाटून गेलं होतं आणि भोकात हरभऱ्याएवढा खडा बसला होता. काढला, धुतलं. पू नाही, वास नाही. एखादा खूर गरम लागतो का म्हणून दोन्ही पुढच्या खुरांवर हात ठेवून बघितला, सारखेच लागतात. नवीन पट्टी बांधलीय. वहीत धनुर्वाताच्या लसीची मार्चची नोंद आहे.

पशुवैद्य_कराड
मार्चची आहे म्हणजे काळजी नाही. भोक टणक होईपर्यंत रोज पट्टी बदला. खडा सापडला हे तिथल्या डॉक्टरांना फोन करून कळवा. आज रात्री तबेल्यातच ठेवा.

पाचगणी_पठार
उद्या पट्टी बदलायच्या आधी दोनदा तिच्याकडं जा, नुसतं खाजवायला.

कोरेगावकर_आर
हो. सकाळी सहाला जातो. आत्ता तिच्या दाराशीच बसून लिहितोय, गवत खातेय.