८ किलोच्या बॉटचा गिअरबॉक्स टिकत नाही, पिनियनचे दात जातात

सांगलीचा_बॉटवाला:
रोबोवॉरच्या (रोबोटच्या लढतीच्या) ८ किलो गटासाठी ड्राइव्हचा गिअरबॉक्स आम्ही स्वतः बनवलाय. गिअरची एकच जोडी, मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) १, पिनियन म्हणजे लहान गिअर १२ दात, मोठा गिअर ६०, दोन्ही ईएन ८ स्टीलचे. प्लेटा थ्रीडी प्रिंटच्या. ८ मिमी शाफ्ट प्लेटच्या बराच बाहेर आलाय आणि त्याच्या टोकाला चाक. नुसता पळवला तर मस्त पळतो, पण जोरात धडक बसली की पिनियनचे दात उडतात. टीमचं म्हणणं, पिनियन तापवून, पाणी देऊन कडक करू. द्यावं का?

भोसरीकर:
पाणी द्यायच्या आधी तुटलेला पिनियन भिंगाखाली धर. दात पूर्ण रुंदीत बुंध्यापासून गेलाय, की एका कडेचा कोपराच उडालाय? मी हॉबिंगवर, म्हणजे गिअरचे दात कापायच्या मशीनवर काम करतो, तुटका गिअर आला की पहिलं हेच बघतो. पूर्ण दात गेला तर भार झेपला नाही. कोपरा गेला तर गिअर तिरके चालत होते. मग स्टील कितीही भारी घाल, सगळा भार त्या कोपऱ्यावरच येणार.

सांगलीचा_बॉटवाला:
दादा, सगळे दात चाकाकडच्या कडेलाच तुटलेत. उरलेल्या दातांवर चकाकीही तिथेच आहे.

भोसरीकर:
मग प्रश्न दातांचा नाहीच. धडक चाकातून आत येते, शाफ्ट वाकतो, प्लास्टिकची प्लेट फाकते. मॉड्यूल १ चे दात एकमेकांत जेमतेम २ मिमी उतरलेले असतात. सेंटर, म्हणजे दोन गिअरच्या मध्यांतलं अंतर, अर्धा मिमी जरी लांबलं तरी पाव पकड गेली, आणि भार दाताच्या शेंड्याकडे सरकला. चांगला कापलेला गिअर असा वाया गेलेला बघून जीव तुटतो.

प्लेटा ६ मिमी ॲल्युमिनियमच्या घे. दोन्ही एकत्र क्लॅम्प करून एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घे, म्हणजे बेअरिंगची भोकं समोरासमोर येतील. जुळवायला घट्ट बसणाऱ्या डॉवेल पिन टाक, नुसत्या बोल्टवर विसंबू नकोस, बोल्टच्या भोकात खेळ असतोच. शाफ्ट १० मिमीचा कर, ताठपणा जवळजवळ अडीच पट होतो. चाक प्लेटच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आण. जोडल्यावर दातांना मार्कर फासून हाताने फिरव. शाई पूर्ण रुंदीत पुसली गेली पाहिजे.

प्रोफाइल_शिफ्ट:
१२ दातांकडेही बघा. २० अंशाच्या (प्रेशर अँगल) गिअरला १७ पेक्षा कमी दात असले की हॉब, म्हणजे दात कापणारा कटर, दाताचा बुंधाच खातो. १८ आणि ५४ घेतलेत तर सेंटर तेच ३६ मिमी राहतं, मात्र रेशो ५ वरून ३ वर येतो, म्हणजे चाक लहान किंवा मोटर कमी केव्हीची (व्होल्टमागे कमी फेऱ्यांची) लागेल. रेशो ५ हवाच असेल तर पिनियन पॉझिटिव्ह करेक्शनने, म्हणजे दात थोडे बाहेर सरकवून, कापून घ्या आणि मोठ्या गिअरला तेवढंच निगेटिव्ह द्या. सेंटर हलत नाही.

भोसरीकर:
बरोबर. करेक्शनला वेगळा हॉब लागत नाही, फक्त ब्लँकचा (दात कापायच्या आधीच्या तुकड्याचा) बाहेरचा व्यास बदलतो. ड्रॉइंगवर स्पष्ट लिही, नाहीतर कापणारा नेहमीसारखं कापून देईल.

आणि पाण्याचं म्हणशील तर ईएन ८ आरपार कडक केलास तर ठिसूळ होईल, धडकेत आधी तोच जाईल. कडकच करायचा तर २० एमएनसीआर ५ स्टील घेऊन केस हार्डन कर, म्हणजे फक्त वरचा थर कडक होतो, गाभा चिवट राहतो. पण तो खर्च आत्ता नको. आधी प्लेटा आणि शाफ्ट बदल, पिनियन ईएन ८ चाच नवा लाव आणि धडका देऊन बघ. तरीही दात पूर्ण रुंदीत तुटले तर फोटो टाक, मग स्टीलचं बघू.