मदत हवी आहे : स्टेट फेअरसारखे फनेल केक, कॉर्न डॉग आणि चीज कर्ड्स घरी तळायचे आहेत

जास्वंद_एनजे

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मागच्या अंगणात २० जणांसाठी स्टेट फेअरचा (अमेरिकेतल्या राज्याच्या जत्रेसारखा) बेत आहे: फनेल केक (तेलात पिठाची धार सोडून तळलेला जाळीदार गोड केक), कॉर्न डॉग (काडीवरचं सॉसेज पिठात बुडवून तळलेलं), तळलेले चीज कर्ड्स (ताज्या चीजचे छोटे तुकडे), वेळ उरला तर तळलेले ओरिओ. ८ जण मांस खात नाहीत, त्यातले ५ जण अंडंही खात नाहीत.

साधनं : ३ लिटरचा इलेक्ट्रिक फ्रायर (१७०० वॅट), अंगणात प्रोपेनची शेगडी, खोलगट लोखंडी कढई, कॅनोला तेल. थर्मामीटर नाही, पिठाचा थेंब टाकून अंदाज घेते.

करून पाहिलं तेव्हा असं झालं :

फनेल केक – मैदा २५० ग्रॅम, दूध ३६० मिली, अंडी २, साखर ५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ टीस्पून. धार तेलात पसरते, जाळी जमत नाही, उलटताना तुकडे होतात. जे टिकले ते बाहेरून तपकिरी, मधे कच्चट.

कॉर्न डॉग – मैदा आणि कॉर्नफ्लोअर निम्मं निम्मं. आवरण सॉसेजवरून घसरून तळाशी जातं.

चीज कर्ड्स – तेलात फुटतात, चीज बाहेर येतं, हाती पोकळ टरफल उरतं.

नेमकं कुठे चुकतंय?

तळणमास्तर

आधी थर्मामीटर घ्या, तळणाचा, कढईच्या काठाला अडकवता येणारा. भज्यांना थेंबाचा अंदाज पुरतो, इथे नाही. कॉर्न डॉगला ३५० फॅरनहाइट लागतं आणि फनेल केक, कर्ड्सना ३७५. थेंब दोन्ही तापमानांना सारखाच वर येतो.

फनेल केकमध्ये दूध जास्त झालंय. २५० ग्रॅम मैद्याला २ अंडी असतील तर २७० मिलीपासून सुरुवात करा, फार तर ३०० पर्यंत जा. पळीतून सोडलेली धार खालच्या पिठावर २-३ सेकंद उठून दिसली पाहिजे. लगेच मिसळली तर पीठ सैल आहे, एकेक चमचा मैदा वाढवा. धार तुटत पडली तर घट्ट आहे. भिजवून १० मिनिटं झाकून ठेवा आणि त्यानंतरच पारखा, कारण मैदा पाणी ओढून घेतो.

तुकडे होण्याचं कारण वेगळं आहे. पीठ उंचावरून सोडलं की ते तेलात खोल जातं आणि विस्कटून वर येतं. बाटलीचं तोंड तेलापासून ५-७ सेंटिमीटरवर ठेवा. सॉसची पिळायची बाटली वापरा, टोक ८ मिलिमीटरचं कापा. आधी १५ सेंटिमीटरचा गोल काढा, मग आत आडव्या-उभ्या रेघा. प्रत्येक रेघ दुसऱ्या रेघेला कुठे तरी शिवली पाहिजे, तेच सांधे केक धरून ठेवतात. फेअरच्या ठेल्यावर यासाठी तेलात धातूची गोल कडी ठेवतात. तुमच्याकडे जाड स्टीलची कडी असेल तर फार सोयीचं.

मधे कच्चट राहतं ते एकाच जागी चार थर साचल्यामुळे. मध्यावर दोनाहून जास्त थर नकोत. एका बाजूने ६० ते ९० सेकंद, मग दोन झारे लावून एकदाच उलटा. हे कढईतच करा. फ्रायरच्या जाळीत पीठ जाळीच्या भोकांत शिजून अडकतं.

मिसिसिपीकाठी

कॉर्न डॉगमध्ये दोन चुका आहेत. पहिली नावाच्या घोटाळ्यातून आली आहे आणि ती आपल्याकडे खूप जणांची होते. भारतात ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतात ते इथलं कॉर्नस्टार्च, म्हणजे मक्याचं पांढरं सत्त्व. कॉर्न डॉगला लागतं कॉर्नमील : पिवळ्या मक्याचं रवाळ पीठ. पाकिटावर 'फाइन' किंवा 'मीडियम' बघून घ्या. मासा हारिना घेऊ नका, तो चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचा असतो, चव टॉर्टियाची येते.

दुसरी चूक : सॉसेज ओलं असणार. पाकिटातून काढल्यावर कागदी टॉवेलने अगदी कोरडं पुसा, मग कॉर्नस्टार्चमध्ये घोळवून जास्तीचं झटका. हा कोरडा थर नसेल तर पीठ घसरणारच.

साधारण १० नगांसाठी : कॉर्नमील १५० ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, बटरमिल्क २४० मिली, तेल १ टेबलस्पून. अंडं नाही, त्यामुळे सगळ्यांना चालेल. सोडा बटरमिल्कच्या आंबटपणावर फुलतो, म्हणून साधं दूध घालू नका. घरचं ताक पातळ पडतं. बटरमिल्क नसेल तर १६० ग्रॅम दह्यात ८० मिली पाणी घुसळा.

पीठ १५ मिनिटं ठेवा, कॉर्नमील फुगून ते घट्ट होतं. इडलीच्या पिठापेक्षा थोडं दाट हवं. उंच ग्लासात ओता, काडी धरून सॉसेज सरळ बुडवा, फिरवत बाहेर काढा. तेलात सोडताना लगेच हात सोडू नका : काडी धरून ५-१० सेकंद तरंगत ठेवा, आवरण धरलं की सोडा. ३५० फॅरनहाइटला ३ मिनिटं, मधे फिरवत. सॉसेज आधीच शिजवलेलं असतं, फक्त आतपर्यंत गरम व्हायला हवं, म्हणून गोठलेलं वापरू नका.

पुरणयंत्र

काड्या तासभर पाण्यात भिजवून घ्या, म्हणजे जळणार नाहीत.

मिसिसिपीकाठी

@पुरणयंत्र, ते निखाऱ्यावरच्या कबाबांसाठी. तळणात ओली काडी अजिबात नको, आतलं पाणी उकळून तेल अंगावर उडतं. कोरड्याच ठेवा, फक्त जाड घ्या, ५ मिलिमीटरच्या. बारीक काडीवर डॉग गोल फिरतो आणि आवरण चिरतं.

मांस न खाणाऱ्यांसाठी व्हेज सॉसेज किंवा मोझरेला चीजची कांडी. कांडी अर्धी कापून किमान २ तास फ्रीझरमध्ये ठेवा, तळायची २ मिनिटंच. पनीर वितळत नाही, त्यामुळे धोका नाही, पण आतून कोरडं लागतं. चटणीत घोळवून घेतलंत तर चांगलं. पिठाचा ग्लास मात्र वेगळा. सॉसेज बुडवलेल्या ग्लासात शाकाहारी काडी घालू नका.

तळणमास्तर

आता कर्ड्स. चीज फुटण्याची कारणं तीन : तेल थंड, आवरणाला भोक, आणि कर्ड कोमट. तेल ३४० पर्यंत उतरलं की आवरण कडक व्हायच्या आत चीज वितळतं आणि वाट काढतं.

ताजे चेडर कर्ड्स घ्या, दातांखाली कुरकुरणारे. जुने झाले की ओलसर होतात. २० जणांना ९०० ग्रॅम लागतील. पुसा, ताटात सुटे पसरून ३० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. ४५० ग्रॅम कर्ड्सना मैदा १२५ ग्रॅम, कॉर्नस्टार्च ३० ग्रॅम, बेकिंग पावडर १ टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून आणि बर्फासारखा थंड सोडा वॉटर साधारण २०० मिली. बिअरही घालतात. पीठ सरसरीत हवं, भज्यांपेक्षा पातळ. कर्ड आधी कोरड्या मैद्यात, मग पिठात, मग ३७५ ला ४५ ते ६० सेकंद. पहिला बुडबुडा कडेने चीजचा दिसला की लगेच उपसा, तपकिरी रंगाची वाट पाहू नका.

३ लिटर तेलात एका घाण्याला २५० ग्रॅमच्या वर नको. १७०० वॅटचा फ्रायर पडलेलं तापमान सावकाश भरून काढतो. दोन घाण्यांमध्ये आकडा परत ३७५ झालेला बघूनच पुढचा टाका.

शाकाहारींसाठी चीजचं लेबल वाचा : दूध गोठवून चीज करायला वापरतात ते रेनेट वासराच्या पोटातलंही असतं. 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेबल' लिहिलेलं घ्या.

जास्वंद_एनजे

कॉर्नफ्लोअरचा खुलासा वाचून डोक्यात प्रकाश पडला. मनापासून आभार, तळणमास्तर आणि मिसिसिपीकाठी. अंडं न घालता फनेल केक होईल का? जिलेबीचं पीठ चालेल का?

तळणमास्तर

जिलेबीचं पीठ आंबवलेलं आणि पातळ असतं, पोकळ कुरकुरीत नळ्या होतात, पाकासाठी ते बरोबर आहे. फनेल केक आतून लुसलुशीत हवा.

अंड्याशिवाय, ४ नगांसाठी : मैदा १३५ ग्रॅम, दही ६० ग्रॅम, दूध १३० मिली, साखर २५ ग्रॅम, तेल १ टीस्पून, बेकिंग पावडर दीड टीस्पून, चिमूटभर मीठ. अंडं रेघांचे सांधे धरतं, ते नसल्यामुळे केक १२ सेंटिमीटरचाच करा आणि उलटायची घाई नको, खालची बाजू पूर्ण धरू द्या. अंड्याच्या तुमच्या प्रमाणात ८ नग होतात. अर्धा अर्धा वाटलात तर २० जणांना पुरेसं.

पिठीसाखर विकतची घ्या, तिच्यात कॉर्नस्टार्च असतं म्हणून ती गरम केकवर लगेच विरघळत नाही. मिक्सरमध्ये केलेली चिकट होते.

हिवाळा_मॅडिसन

ओरिओ रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून, दाटसर पॅनकेकच्या पिठात बुडवून, ३७५ ला दीड ते दोन मिनिटं. गोठलेले नसतील तर क्रीम बाहेर येतं.

फेअरचं खरं रूप हवं असेल तर एक दोन गोष्टी जोडा. मिनेसोटाच्या फेअरला कुकीज बादलीत रचून देतात, सोबत पोटभर दूध. विस्कॉन्सिनला क्रीम पफ १९२४ पासून आहेत. टेक्सासला २००६ मध्ये एबल गोन्झालेस यांनी तळलेला कोक आणला, तो म्हणजे कोकच्या चवीच्या पिठाचे तळलेले गोळे, आणि २००९ मध्ये तळलेलं लोणी. यातलं काही करू नका, पण भाजलेली मक्याची कणसं वितळलेल्या लोण्यात बुडवून द्या. शाकाहारी आहेत, अंडं नाही, तळणाला हात लावायची गरज नाही.

मिसिसिपीकाठी

क्रम असा ठेवा. नव्या तेलात आधी अंड्याशिवायचे फनेल केक, मग कर्ड्स आणि शाकाहारी काड्या, मग अंड्याचे केक, ओरिओ, शेवटी सॉसेज. मग एकच तेल सगळ्यांना चालतं. फ्रायर आणि कढईत मिळून ५ लिटर धरा. फनेल केकचे कण तळाशी जळून कडू होतात, मधेमधे बारीक गाळणीने काढा.

फ्रायर एक्स्टेन्शन कॉर्डवर नको. १५ अँपिअरच्या सर्किटवर १७०० वॅट म्हणजे जवळजवळ पूर्ण मर्यादा, त्याच सर्किटवर दुसरं काही लावलं की ब्रेकर पडतो. कढईत तेल निम्म्याच्या वर नको, शेगडी सपाट जागेवर आणि वाऱ्याच्या आडोशाला ठेवा, पोरांना तीन पावलं लांब. झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलं तर झाकण टाकून गॅस बंद, पाणी कधीच नाही.

जास्वंद_एनजे

शेवटचं : आधी तळून गरम ठेवता येतील का?

मिसिसिपीकाठी

कॉर्न डॉग २०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये, ताटात नाही तर तारेच्या जाळीवर, अर्धा तास राहतात. फनेल केक १०-१५ मिनिटं, साखर वाढतानाच घाला. कर्ड्स थांबत नाहीत, माणसं रांगेत उभी असतानाच तळा.