निक डेकॉस कॉलिंगवूडलाच कसा मिळाला?

प्रश्न: ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या 2021 च्या ड्राफ्टमध्ये (क्लब क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) निक डेकॉसची निवड चौथ्या क्रमांकावर झाली, तरीही तो कॉलिंगवूड क्लबकडेच जाणार हे आधीपासून गृहीत का धरले जात होते?

उत्तर 1: वडिलांनी एखाद्या क्लबकडून किमान 100 सामने खेळले असतील, तर मुलासाठी त्या क्लबला प्राधान्य मिळते, आणि निकचे वडील पीटर डेकॉस कॉलिंगवूडसाठी 250 सामने खेळले. मात्र दुसऱ्या क्लबने त्या मुलासाठी बोली लावल्यास वडिलांच्या क्लबला ड्राफ्टचे गुण (निवडीच्या क्रमांकांना दिलेले मूल्य) खर्च करावे लागतात.

उत्तर 2: या नियमामुळे त्याचे श्रेय कमी होत नाही. पहिल्याच हंगामात हाफ-बॅक या बचावफळीतील जागेवरून चाली रचत त्याने 2022 चा रायझिंग स्टार हा सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार मिळवला, आणि माझ्या मते तोच काळ सर्वाधिक अभ्यासण्याजोगा आहे. पुढच्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीनंतर परतून, थोरला भाऊ जॉश याच्यासह, अंतिम सामन्यात ब्रिस्बेनला 4 गुणांनी हरवणाऱ्या विजेत्या संघात तो खेळला.