मदत हवी आहे : हापूसची ‘खायच्या तारखेची’ पेटी

मंडळी, एप्रिलमध्ये पुण्यात जो तो ‘अस्सल देवगड’ विकतो. कर्नाटकचा आंबाही त्याच पेंढ्यात, त्याच छापाच्या खोक्यात येतो. २०१८च्या जीआयमुळे (भौगोलिक मानांकनामुळे) नाव राखलं गेलं, पण गिऱ्हाईक खोक्यावरची अक्षरं वाचत बसत नाही. भाव पाडून टिकणंही शक्य नाही. म्हणून वेगळी कल्पना : डझनाच्या पेटीत चार आंबे दोन दिवसांत खायचे, पुढचे चार आंबे पाच दिवसांनी, उरलेले चार आंबे आठ दिवसांनी. प्रत्येकावर तोडणीची आणि खायची तारीख. एकदम सगळे पिकून निम्मे वाया जातात, ही घरोघरची तक्रार त्यात सुटते.

घोडं अडतंय ते इथे. पिकलेल्या फळातून इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सुटतो आणि शेजारचे हिरवे आंबेही तीन-चार दिवसांत रंग धरतात. पुठ्ठ्याचे कप्पे घातले तरी वायू अडत नाही. भोकं वाढवली की देठाकडून सुरकुत्या पडतात.

साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) टाळायला आंबे ८५ टक्के पक्वतेला, देठ ठेवून तोडलेले. पाण्यात तळाशी जाणारे बाजूला काढलेत, त्यांत साक्याचा धोका जास्त.

विचारायचं ते असं :
एकाच पेटीऐवजी चार-चारचे तीन हप्ते पोचवणं परवडतं का? शहरात फेरीमागे खर्च किती धरता?
इथिलीन शोषणाऱ्या पुड्या हापूसला कुणी वापरल्यात का? किलोमागे किती ग्रॅम?
आणि तारीख चुकली तर फळ बदलून देता की पैसे परत?