डिक्शनरी भरली, लूप फिरवला, झालं लिप्यंतर?

कळफलक: काल इथे एकाने ठोकून दिलं, "रोमन मराठीचं देवनागरी म्हणजे पायथन कोडच्या पाच ओळी. डिक्शनरीत रोमन-देवनागरी जोड्या भरा, लूपमध्ये रिप्लेस मारा." मारलं. डिक्शनरीत एस आणि एच वर होते, एस-एच खाली. 'शब्द'चा 'स्हब्द' झाला! डी-एन-वाय म्हणजे 'ज्ञ', पण त्यातला डी आधीच 'द'ने गिळलेला. लूप भरल्या क्रमानेच फिरतो, पायथन ३.७ पासून तशी हमीच आहे. लांब 'की', म्हणजे जोडीतली डावी बाजू, आधी हव्यात. सॉर्टेडला लेन द्या, म्हणजे लांबीने क्रम लागेल, रिव्हर्स ट्रू करा, मग गमजा मारा.

पाचओळी: ते मीच लिहिलं होतं. एवढा त्रागा कशाला? पायथनचं तयार ट्रान्सलेट वापरा, एका फेरीत काम फत्ते.

कळफलक: कधी चालवून पाहिलंय का? त्याचा तक्ता बनवणाऱ्या मेकट्रान्सला दोन अक्षरी 'की' दिली, तर व्हॅल्यूएरर येऊन कोड थांबतो. उजवीकडे हवं तेवढं लांब चालतं, डावीकडे एकच अक्षर.

रेघोटी: रेजेक्सचं, म्हणजे नमुना शोधणाऱ्या साधनाचं, बदल करणारं सब घ्या, सगळ्या 'की' उभ्या रेघेने जोडा. बदललेलं पुन्हा बदलत नाही. पण तिथेही लांब की आधीच, कारण रेजेक्स पहिली जुळेल ती उचलतो.

जुना_मुद्रितशोधक: आणि आर-वायचं काय करणार? 'दर्या' की 'दऱ्या'? आमच्या गावच्या समारंभाच्या पत्रिकेत 'आचार्यांचा सत्कार'ऐवजी 'आचाऱ्यांचा सत्कार' छापून आलं. स्वयंपाकी नवा सदरा घालून पुढच्या रांगेत!

पाचओळी: इथे पायथन चाललंय, काका.

जुना_मुद्रितशोधक: तेच सांगतोय. तुमच्या डिक्शनरीला अर्थ कळत नाही. 'ऱ्य' हे मराठीचं लेणं आहे, आणि तुम्ही पोरं...

रेघोटी: काकांचं बरोबर आहे, शिवाय 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र्‌ नंतर झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) टाकून. दिसायला सारखे, शोधात वेगळे. माझ्या यादीत 'सुऱ्या' दोनदा आल्या, अर्धा दिवस त्यात गेला.

कळफलक: म्हणजे हे एकसारखं करायलाही पुन्हा डिक्शनरीच.

पाचओळी: बरं, पाच नाही, सात ओळी. खूश?

जुना_मुद्रितशोधक: आणि आठवी ओळ माझी: आधी माणसाला वाचायला द्या. त्या स्वयंपाक्याने नारळ अजून परत केलेला नाही.