बॅटरीवरचा रंधा: फळीच्या दोन्ही टोकांना खड्डा पडतो

फळीवाला:
आईचा जुना सागवानी पलंग मोडला. त्यातल्या चार फळ्या मी जपून ठेवल्या आहेत, त्यांचं बाकडं करतोय. फळ्या सव्वा मीटर लांब, १४० मिलिमीटर रुंद, २७ मिलिमीटर जाड. जुनं पॉलिश आणि थोडा वाक काढायला १८ व्होल्टचा बॅटरीवरचा रंधा घेतला, पातं ८२ मिलिमीटरचं. कापाची खोली २ मिलिमीटरवर ठेवून पहिल्या फळीवर चालवला. मधला भाग बरा झाला, पण सुरुवातीला चार बोटं आणि शेवटी त्याहून जास्त लांब खड्डा पडला. पट्टी ठेवली की खालून उजेड दिसतो. तो काढायला पुन्हा रंधा मारला, तर पुन्हा तसाच. आता टोकांना जाडी २४ च उरलीय. त्यात २ अँपिअर-अवरची बॅटरी एका फळीतच बसते.

बॅटरीचा घेऊन चुकलं का? वायरवाला घेऊ? बाकीच्या तीन फळ्यांना हात लावायची हिंमत होत नाही. हे लाकूड परत मिळायचं नाही.

सागवान_७८:
२ ची खोली फार झाली. अर्ध्या मिलिमीटरवर आणा, शेवटचा हात पाव मिलिमीटरचा. बॅटरी टिकेल आणि गाठीपाशी लाकूड उपटणारही नाही. ४ किंवा ५ ची बॅटरी मिळाली तर घ्या, पण खड्ड्याचं कारण बॅटरी नाही.

आणि पलंगाचं लाकूड आहे, आधी खिळे शोधा. लोहचुंबक फिरवा. पितळी स्क्रू चुंबकाला सापडत नाहीत, ते डोळ्यांनीच पाहावे लागतात. पात्याला एक बारीक खाच पडली की पुढच्या प्रत्येक फळीवर तिची उभी रेघ उमटत राहते.

जॅक_रंधा:
फळीवाला, वायरवाला घेतलात तरी हेच खड्डे पडतील. मी आधी कित्येक वर्षं लोखंडी हातरंधा चालवला, मग बॅटरीचा घेतला, आणि पहिल्या आठवड्यात एका दाराची कड अशीच घालवली. तेव्हापासून दोन गोष्टी तपासल्याशिवाय चालू करत नाही.

पहिली, पात्याची उंची. बॅटरी काढून ठेवा. खोली शून्यावर आणा. रंधा उलटा करून मागच्या तळावर (पात्यामागच्या सपाट भागावर) सरळ पट्टी ठेवा, ती ड्रमवरून (पाती बसवलेल्या फिरत्या भागावरून) पुढे येऊ द्या आणि ड्रम हाताने हळू फिरवा. पात्याने पट्टीला नुसतं घासून जायला हवं. पट्टी उचलली जात असेल तर पातं मागच्या तळाच्या बाहेर आहे. मग पुढचा तळ फळीवरून सुटला की मशीन खाली बसतं आणि शेवटाला खड्डा पडतो. पातं आत असेल तर उलटं होतं, मागचा तळ पुरत्या न कापलेल्या भागावर चढतो आणि काप पातळ होत जातो. दोन्ही पाती आणि पात्याची दोन्ही टोकं तपासा.

दुसरी, हातातलं वजन. सुरुवातीला फक्त पुढचा तळ लाकडावर असतो, म्हणून जोर पुढच्या मुठीवर. मागचा तळ फळीवर आला की दोन्हींवर सारखा. पुढचा तळ बाहेर निघायच्या आधी पुढचा हात अगदी हलका करा, जवळजवळ सोडून द्या, आणि जोर मागे न्या. चार बोटांचा पहिला खड्डा मागचा हात लवकर दाबल्याने पडतो. हे सांगून येत नाही, रद्दी लाकडावर वीस-पंचवीस हात मारावे लागतात. आईच्या फळीवर शिकू नका.

वेगाचंही पाहा. ड्रम मिनिटाला १२ हजार फेरे घेत असेल आणि पाती दोन असतील तर २४ हजार काप. एक मीटर दहा सेकंदांत गेलात तर दोन कापांत पाव मिलिमीटर अंतर राहतं. तीन सेकंदांत गेलात तर पाऊण मिलिमीटरहून जास्त, आणि पॉलिश मारल्यावर त्या लाटा उजेडात दिसतात.

अजून एक मला मनापासून सांगायचंय. तुमची फळी १४० ची, पातं ८२ चं. शेजारशेजारच्या दोन हातांमध्ये पायरी राहणारच. रुंद पृष्ठासाठी मी हे मशीन फक्त शेवटचा एक मिलिमीटर उरेपर्यंत वापरते, पुढचं हातरंध्याने. सागवानासारख्या लाकडाला तेवढा मान द्यायला हवा.

फळीवाला:
ताई, पट्टी लावून पाहिली. एक पातं डाव्या टोकाला बाहेर आलेलं होतं, पट्टी स्पष्ट उचलली जात होती. आधी दुसरी धार वापरायला पाती उलटवली होती, तेव्हा नीट बसवलं नसणार. सैल करून पुन्हा बसवलं. रद्दी लाकडावर तिसाव्या हाताला कुठे शेवट सपाट आला! पहिल्या फळीचं काय करू?

जॅक_रंधा:
ती वाचते. टोकांना हात लावू नका. पट्टी ठेवून मधला उंचवटा पेन्सिलीने खुणा करून घ्या आणि तेवढाच कापा, खड्ड्याच्या अलीकडे थांबून. पट्टीखालचा उजेड गेला की मग पाव मिलिमीटरचे पूर्ण हात. जाडी २४ च्या खाली जरा जाईल, बाकड्याला ती पुरते. बाकीच्या तिघींसाठी दोन्ही टोकांना त्याच जाडीचे टाकाऊ तुकडे चिकटून क्लॅम्प करा. खड्डा पडलाच तर त्या तुकड्यांत पडेल.

मशीन बंद केल्यावर ड्रम काही सेकंद फिरत राहतो, लगेच फळीवर टेकवू नका. मास्क लावा, जुन्या पॉलिशची धूळ वाईट असते.

सागवान_७८:
भुशाची पिशवी काढून व्हॅक्यूमची नळी लावा. नळकांड्यात भुसा अडकला की तो ड्रमपाशी साठतो, मशीन दमतं आणि बॅटरी आणखी लवकर संपते.

फळीवाला:
दुसरी फळी आत्ता झाली. तुकडे लावून, अर्ध्या मिलिमीटरवर. पट्टीखाली उजेड नाही. शेवटच्या मिलिमीटरसाठी वडिलांचा हातरंधा धार लावायला काढलाय.